पाणी बदललं आणि मासे वर आले

घरातले मासे आजारी पडले की पहिला संशय खाद्यावर जातो आणि दुसरा दुकानदारावर. पाणी बदलल्यानंतर आजारी पडले तर संशय थेट पाण्यावर येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. अडचण त्यापुढे आहे. ‘पाण्याचं काहीतरी झालं’ एवढ्या निदानावर कोणताच उपाय करता येत नाही. क्लोरीनने पोळलेला, अमोनियाने भाजलेला, थंडीने गारठलेला आणि परजीवींनी पोखरलेला असे चार मासे शेजारी ठेवले, तर दुरून चौघेही सारखेच दिसतील. कोपऱ्यात गप्प उभे, पर मिटलेले, खाद्याकडे पाठ. चौघांचे उपाय मात्र वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून लक्षणांच्या आधी वेळ विचारावी. पाणी कधी बदललं, आणि मासा पहिल्यांदा कधी बिथरलेला दिसला? पहिल्या तासाभरात बिघडलेल्या टाकीचं कारण दोन-तीन दिवसांनी बिघडलेल्या टाकीत शोधून सापडत नाही, आणि आठवड्याने उगवणाऱ्या आजाराची गोष्ट आणखी निराळी. घड्याळ आणि कॅलेंडर एवढ्या दोन साधनांवर निम्मं निदान होतं. उरलेल्या निम्म्यासाठी थर्मामीटर आणि पाणी तपासण्याचं किट लागतं. औषधाच्या बाटलीचा क्रम त्याच्याही नंतरचा आहे.

पहिला तास

नवं पाणी ओतून तास व्हायच्या आत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, काचेवर धडकू लागले, तर आधी क्लोरीनचा विचार करावा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की ग्राहकाच्या नळापर्यंत पोचलेल्या पाण्यातही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असावं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. पटकी, कावीळ, गॅस्ट्रो यांच्यापासून आपण वाचतो ते या शिल्लक क्लोरीनमुळे, तेव्हा नगरपालिकेला दोष देण्याचं कारण नाही. आपण ते पाणी पितो. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांवरचं आवरण अत्यंत पातळ असतं आणि आवरणाच्या पलीकडे लगेच रक्त वाहत असतं. क्लोरीन हे आवरण जाळतं. नाजूक माशांना लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम क्लोरीनही बाधू शकतं, म्हणजे नळाला किमान जितकं असायला हवं त्याचा दहावा भाग.

‘इतकी वर्षं थेट नळाचं पाणी घालतोय, कधी काही झालं नाही,’ असं मासे पाळणारी कितीतरी माणसं सांगतात, आणि ती खोटं बोलत नसतात. हिशोब करून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा नेहमीच्या टाकीत खडी-दगड वजा जाता पन्नासेक लिटर पाणी मावतं. नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम क्लोरीन आहे असं धरलं आणि दहा लिटरची एक बादली टाकीत ओतली, तर सगळ्या टाकीत ते प्रमाण ०.०६ वर येतं. खडीतला गाळ आणि काचेवरचं शेवाळ एवढं क्लोरीन बघता बघता संपवून टाकतात. आता पावसाळा धरा. धरणात गढूळ पाणी आलं, डोस वाढला, नळाला १ मिलिग्रॅम उतरलं. नेमकी त्याच रविवारी टाकी घासूनपुसून लख्ख केली आणि निम्मं पाणी बदललं. आता टाकीत ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन आहे, आणि ते खाऊन टाकणारा गाळ आपणच मोरीत ओतून दिलेला आहे. सवय तीच, बादली तीच, मासे मात्र मेले. यात गूढ काही नाही.

गृहसंकुलांत राहणाऱ्यांनी आणखी एका तारखेवर लक्ष ठेवावं: गच्चीवरची टाकी धुण्याची. धुताना वापरलेली ब्लीचिंग पावडर नीट खंगाळली गेली नाही, तर पहिल्या दिवशी नळाला येणारं पाणी माशांसाठी विष असतं. खेडेगावात हीच गोष्ट विहिरीत किंवा जलकुंभात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यानंतरची. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी पाण्यात क्लोरीन ओळखणारे ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो, ती चाचणी मासे पाळणाऱ्यालाही तितकीच उपयोगी आहे. बादलीतलं थोडं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. पिवळेपणा दिसला तर ती बादली टाकीत जाणार नाही, इतका सरळ निर्णय.

क्लोरीनवरचा उतारा स्वस्त आणि तत्काळ आहे: सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटोग्राफरांच्या डार्करूममध्ये ‘हायपो’ म्हणून वापरलं जाणारं रसायन हेच, आणि ॲक्वेरियमच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे पांढरे खडेही बहुधा तेच. १ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी साधारण ७ मिलिग्रॅम स्फटिक लागतात. म्हणजे वीस लिटरच्या बादलीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर ७० मिलिग्रॅम पुरेत. हे वजन दोन-तीन लहान खड्यांत भरतं. मूठभर टाकण्याची काही गरज नाही. चुकून क्लोरीनचं पाणी टाकीत गेलंच असेल, तर मात्रा फक्त नव्या पाण्याच्या हिशोबाने न देता संपूर्ण टाकीच्या हिशोबाने द्यावी आणि हवेचा पंप पूर्ण जोरात सुरू करावा. क्लोरीन काही क्षणांत निष्प्रभ होतं. भाजलेले कल्ले मात्र काही क्षणांत बरे होत नाहीत, त्यामुळे धाप लगेच थांबली नाही म्हणून घाबरून आणखी पाणी बदलू नये.

पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तरी साधं क्लोरीन बरंचसं उडून जातं, हवेचा दगड सोडला तर आणखी लवकर. अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरीनच्या जागी क्लोरॅमिन वापरतात. तिथे राहणाऱ्या मराठी घरांनी बादली भरून ठेवण्याच्या आपल्याकडच्या रिवाजावर विसंबू नये, कारण क्लोरॅमिन असं सहज उडत नाही. शिवाय थायोसल्फेटने त्यातलं क्लोरीन मोडलं की अमोनिया मागे उरतो. तिथे दोन्हींवर काम करणारं औषधच घ्यावं लागतं.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, तरी ते ओतल्यावर मासे वर येतात, याचं अनेकांना नवल वाटतं. जमिनीखालून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असू शकतो. माशाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे बाहेर पडायचा, तर बाहेरच्या पाण्यात तो कमी असावा लागतो. असं पाणी रात्रभर पंप लावून हवेशीर केलं, निदान दोन बादल्यांत वरून-खाली चार-सहा वेळा ओतलं, तरी बराच फरक पडतो. टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं आहे ते दर खेपेला बदलू शकतं, हेही ध्यानात ठेवावं.

तापमानाबद्दल थोडक्यात. डिसेंबरमध्ये नाशिक-पुण्याच्या सकाळी नळाचं पाणी आणि हीटर लावलेली टाकी यांत सहज सहा-सात अंशांचं अंतर पडतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. हाताने अंदाज घेऊ नये. हात फसतो, थर्मामीटर नाही. अंतर दोन अंशांच्या आत आल्याशिवाय पाणी ओतू नये. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट अडचणीची होते: २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर सातच्या आत. आणि गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. उलट, थंड आणि नळातून दाबाखाली आलेलं पाणी थेट टाकीत सोडलं, तर त्यात विरघळलेले वायू टाकीच्या उबेत बाहेर पडू लागतात. काचेवर, पानांवर बारीक बुडबुडे धरतात. तेवढ्याने बिघडत नाही. तसेच बुडबुडे माशाच्या परांच्या आत किंवा डोळ्याभोवती दिसू लागले, तर मात्र पंपाने पाणी जोरात ढवळून जादा वायू काढून टाकावा लागतो. बादलीत मुरू दिलेल्या पाण्याने हा प्रकार होत नाही.

जुनं पाणी

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन नव्हतं, तापमान जुळत होतं, पाणी स्वच्छ होतं, आणि तरीही काही तासांत मासे तडफडू लागले, असं होतं. अशा टाकीच्या मालकाला विचारलं तर बहुधा कळतं की पाणी कित्येक महिन्यांनी बदललं होतं. मधल्या काळात मासे ठणठणीत होते. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की पाणी बदलणंच वाईट, आणि पुढचं वर्षभर पाण्याला हात लावत नाही. हा निष्कर्ष जितका साहजिक, तितकाच घातक आहे.

जुन्या पाण्यावरच्या या श्रद्धेला इतिहासही आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याच्या भांड्यात त्यांनी सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली, आणि कुजणारी पानं खायला गोगलगायी सोडल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे कार्बन डायऑक्साइड देतात, आणि पाणी न बदलता सगळे जगतात, असा तो मेळ होता. घरगुती मत्स्यपालनाचा पाया घालणारं हे काम, आणि ती वॅलिस्नेरिया आजही आपल्या दुकानांत मिळते. पण त्यातून ‘समतोल साधलेल्या टाकीचं पाणी बदलायचंच नसतं’ असा समज पसरला आणि तो फार काळ टिकला. वॉरिंग्टनच्या भांड्यात मासे मोजके होते. आपल्या बैठकीच्या खोलीतल्या टाकीत गर्दी असते आणि वर सकाळ-संध्याकाळ खाद्य पडत असतं.

त्या खाद्याचं काय होतं? मासा प्रथिनं पचवतो आणि त्यातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. फिल्टरमधले आणि खडीवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. या जिवाणूंची पहिली नीट ओळख १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी करून दिली. मत्स्यालयांत नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं पुढे कितीतरी पुस्तकं सांगत राहिली. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करत असल्याचं दिसलं. नाव कोणतंही असो, या कामात एक किंमत मोजावी लागते. अमोनिया संपवताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पाण्यातले कार्बोनेट क्षार खात जातं. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इथून येणारं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. त्यात क्षार मुळातच बेताचे, त्यामुळे साठा लवकर आटतो. साठा आटला की पाण्याचा पीएच घसरतो: सातवरून साडेसहा, मग सहा. तिथे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, जवळजवळ थांबतात. अमोनिया साचू लागतो.

आणि मासे तरीही जगतात. का, हे समजलं की सगळं कोडं उलगडतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. दुसरा अमोनियम, जो आत फारसा शिरत नाही. दोघांचं प्रमाण पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ६ असेल तर एकूण अमोनियापैकी मोकळा भाग सुमारे ०.०६ टक्के, पीएच ७ ला ०.६ टक्के आणि पीएच ८ ला साडेपाच टक्क्यांच्या जवळपास असतो. पीएच एकाने चढला की विषारी भाग जवळपास दहापट होतो.

आता त्या महिनोन्‌महिने न बदललेल्या टाकीत चला. पीएच ६, एकूण अमोनिया लिटरमागे ४ मिलिग्रॅम. मोकळा अमोनिया जेमतेम ०.००२ मिलिग्रॅम. मासे पोहतायत. मालक चांगल्या मनाने निम्मं पाणी काढतो आणि क्षारयुक्त बोअरचं पाणी भरतो. एकूण अमोनिया निम्म्यावर, २ मिलिग्रॅमवर येतो. पण पीएच ८ वर चढतो आणि मोकळा अमोनिया होतो ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे. ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा सुरू होते असं साधारणपणे मानतात. टाकीतली घाण अर्धी झाली आणि विष जवळजवळ पन्नास पट झालं. नवं पाणी निर्दोष होतं. विष जुन्या पाण्यात निष्क्रिय होऊन पडलं होतं.

जोडीला दुसरा धक्का असतो. उन्हाने, पंख्याने पाणी उडतं, आपण वर भर घालत राहतो. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. महिन्यांमागून महिने भर घातली की टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड होतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून त्याच्या शरीरात पाणी सतत झिरपत असतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत असतात. जड पाण्याला सरावलेल्या माशाला एका झटक्यात हलक्या पाण्यात आणलं की ही यंत्रणा कमी पडते. कोणी कौतुकाने टाकीत पिण्याच्या आरओचं पाणी भरलं, तर हा धक्का सगळ्यात मोठा बसतो.

अशी टाकी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जुने मासे मजेत आणि नवा आणलेला मासा दुसऱ्या दिवशी मेलेला, असं वारंवार होत असेल, तर दुकान बदलण्याआधी टाकीचा पीएच तपासावा. जुने मासे हळूहळू त्या पाण्याला सरावलेले असतात. नव्याला ती मुभा मिळत नाही. अशा टाकीला एकदम ‘फ्रेश’ करायला जाऊ नये. खाद्य दोन-तीन दिवस बंद करावं, निरोगी मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. रोज पाच लिटर, म्हणजे दहावा भाग, असं पाणी बदलत जावं आणि रोज एकूण अमोनिया व पीएच दोन्ही मोजावेत. अमोनिया जास्त असेपर्यंत पीएच वर ढकलणारं पाणी टाळावं. आरओचं पाणी थोड्या मात्रेत इथेच खरं कामाला येतं, कारण त्यात पीएच चढवणारे क्षार जवळपास नसतात. अमोनिया उतरला की मग नळाचं पाणी, तेही बादली-बादलीने. दोन आठवडे लागले तरी चालतील.

दोन-तीन दिवसांनी

पाणी बदललं तो दिवस ठीक गेला, दुसराही गेला, आणि तिसऱ्या दिवशी मासे सुस्त झाले किंवा वर येऊ लागले, तर फिल्टरचं काय केलं ते आठवावं. पाणी बदलण्याच्या उत्साहात अनेक जण फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळतात, खडी बाहेर काढून उन्हात वाळवतात. अमोनिया संपवणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते या स्पंजावर आणि खडीवर चिकटून असतात. क्लोरीनचं पाणी आणि ऊन दोन्ही त्यांना मारतात. फिल्टर बंद करून कित्येक तास चालू करायचा राहिला, किंवा लोडशेडिंगमध्ये बंद पडून राहिला, तरी प्राणवायूविना त्यांचं तेच होतं. मासे रोजच्यासारखा अमोनिया टाकत राहतात आणि तो संपवणारं कोणी नसतं.

इथे अमोनियाबरोबर नायट्राइटही चढतो. नायट्राइट रक्तात शिरला की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही आणि रक्त तपकिरी पडतं. पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही मासा गुदमरतो. कल्ल्याच्या झाकणाआडून आतला रंग दिसला तर पाहावा. लाल असायला हवा, तो तपकिरी वाटला तर नायट्राइट मोजावा. यावर साधं जाडं मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत येऊ देत नाही. लिटरमागे एक ग्रॅम पुरतं, वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडलेलं. सोबत रोज पाव टाकी पाणी बदलणं, खाद्य बंद, आणि शक्य असेल तर ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मागून आणणं. हा शेवटचा उपाय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दुकानातल्या जिवाणूंच्या बाटल्यांतला माल किती जुना आणि कसा साठवलेला हे कळायला मार्ग नसतो. मळका, चालता स्पंज स्वतःच पुरावा असतो.

स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळावा, एवढंच. तो मळकाच दिसला पाहिजे. आणि ज्या दिवशी पाणी मोठ्या प्रमाणात बदललं, त्या दिवशी फिल्टरला हात लावू नये.

आठवड्याने

चार ते दहा दिवसांनी माशाच्या अंगावर, परांवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो ‘इक’, म्हणजे इक्थियोफ्थिरियस या एकपेशीय परजीवीचा उपद्रव. लोक म्हणतात, पाण्यातून आला. साधारणपणे नळाच्या पाण्यातून तो येत नाही. नवा मासा, नवी वनस्पती किंवा दुकानातल्या पिशवीतलं पाणी त्याला घरात आणतं. रविवारी पाणी बदलणं आणि रविवारीच कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून नवे मासे आणून सोडणं हा अनेक घरांचा शिरस्ता आहे, म्हणून खापर पाण्यावर फुटतं. थंड पाण्याचा धक्का बसलेल्या माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि आधीपासून दबून असलेला परजीवी फोफावतो, एवढा पाण्याचा वाटा मात्र खरा.

या परजीवीचं जीवनचक्र समजल्याशिवाय त्यावर औषध टाकण्यात अर्थ नाही. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या त्वचेखाली असतो, औषध तिथे पोचत नाही. पिकला की तो गळून खडीत पडतो, कवच धरतो आणि आतल्या आत विभागत शेकडो पिल्लं तयार करतो. ती कवच फोडून पोहत निघतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाने मरतात ती हीच पोहणारी पिल्लं. २५ अंशांला सगळा फेरा आठवड्याच्या आत होतो, थंडीत तो लांबतो. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणं ही हमखास परतीची वाट आहे. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू हवेत. उष्ण पाण्यातल्या माशांसाठी तापमान हळूहळू २९-३० अंशांवर नेणं आणि लिटरमागे दोन-तीन ग्रॅम मीठ हा जुना उपाय अजूनही चांगला आहे, मात्र हवेचा पंप जोरात हवा. झाडं आणि खवले नसलेले मासे इतकं मीठ सोसतीलच असं नाही. उपचार सगळ्या टाकीचा करावा, एका माशाला बाजूला काढून भागत नाही. कवचं खडीतच असतात.

त्याच दिवशी घरात आणखी काय झालं?

दिवाळीच्या साफसफाईत टाकीही साफ होते. त्याच आठवड्यात झुरळांची फवारणी, भिंतींना रंग, आणि फरशी पुसण्याची बादली माशांच्या पाण्याला. डास-झुरळांच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं माणसापेक्षा माशाला कितीतरी पटींनी विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडत असतो. फवारणी असेल तर टाकी ओल्या चादरीने झाकावी, पंप तेवढा वेळ बंद ठेवावा किंवा त्याची नळी दुसऱ्या खोलीतून घ्यावी. माशांची बादली वेगळी असावी, साबणाचा आणि फिनाईलचा तिला कधीही स्पर्श नको. गिझरमधलं पाणी मिसळून ऊब आणणाऱ्यांनी ते टाळावं. तांब्याच्या भागांवरून गेलेलं गरम पाणी तांबं सोबत आणू शकतं, आणि गोगलगायी-कोळंबी त्याने आधी मरतात. गोगलगायी पटापट खाली पडलेल्या दिसल्या तर धातूचा किंवा फवारणीचा संशय घ्यायला तेवढा पुरावा पुरे.

रात्री अकराला काय करावं

मासे वर आलेत, दुकानं बंद आहेत आणि कारण कळत नाही. अशा वेळी हवेचा पंप पूर्ण उघडावा, दिवा बंद करावा, खाद्य थांबवावं. अँटिक्लोरीनची संपूर्ण टाकीची मात्रा द्यावी. क्लोरीन नसलं तरी मापात दिलेल्या मात्रेने अपाय होत नाही. तापमान मोजावं. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीचं थोडं पाणी काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावं, आणि दुसऱ्या बाटलीत नळाचं. सकाळी दोन्हींचा अमोनिया तपासला की कारण शोधायला आधार मिळतो. पीएच मात्र शक्य तर त्याच रात्री मोजावा, कारण ठेवलेल्या पाण्यात तो बदलतो. मेलेले मासे लगेच काढावेत, पण त्यांचे कल्ले पाहिल्याशिवाय टाकू नयेत. फिकट आणि बुळबुळीने भरलेले, सुजून गडद लाल झालेले, की तपकिरी, हे मोबाइलवर फोटो काढून नोंदवावं.

निळ्या औषधाची बाटली मात्र त्या रात्री उघडू नये. मिथिलीन ब्लू उपयोगी औषध आहे, नायट्राइटच्या बाधेतही कामी येतं, पण ते फिल्टरमधल्या जिवाणूंना मारक आहे. अमोनियाने त्रासलेल्या टाकीत ते ओतलं तर अमोनिया संपवणारी उरलीसुरली फौजही जाते. द्यायचंच असेल तर वेगळ्या टबात, वेगळ्या पंपाखाली. अँटिबायोटिकच्या पुड्यांबद्दलही हेच. दुकानदार विचारतो, ‘ठिपके आहेत का? पर झडलेत का?’ आणि पुडी देतो. पाणी कधी बदललं, किती बदललं, स्पंज कुठे धुतला, हे विचारणारा दुकानदार मिळाला तर त्याला सोडू नये.

कल्ल्यांची इजा थोडी असेल तर मासा एक-दोन आठवड्यांत सावरतो, नव्या पेशी येतात, श्वासाची गती उतरते. ती गती मोजता येते: कल्ल्याचं झाकण मिनिटाला किती वेळा हलतं ते आजारी माशाचं आणि त्याच जातीच्या धडधाकट माशाचं मोजून रोज वहीत लिहावं. आकडे जवळ येऊ लागले की खाद्य सुरू करावं, पहिल्या दिवशी नेहमीच्या पाव भाग. पुढचं पाणी अमोनिया शून्यावर असेल तर आठव्या दिवशी बदलावं. आदल्या रात्री भरून, हवा सोडून ठेवलेली एक बादली, थर्मामीटरने तपासलेली, बारीक नळीने थेंबाथेंबाने सोडलेली.